गेली की गेलीस

आमच्या दुकानाच्या भिंतीवर एकच पाटी होती: 'महत्त्वाचे आधी बोला.' मामानं ती स्वतः रंगवली होती आणि ती कुणीही, कधीही पाळली नाही. माणसाला बोलायला एक मिनिट दहा सेकंद मिळाले, तर त्यातले चाळीस तो हवापाण्यावर आणि स्वतःच्या प्रकृतीवर घालवतो. हे मी काचेमागे बसून सात वर्षं पाहिलं आहे, त्यामुळे याबाबतीत माझ्याशी कुणी वाद घालू नये.

आम्ही बोलकी कार्डं करायचो. साधं टपालाचं कार्ड असावं तेवढंच, जरा जाड, वर एखादं चित्र: पूल, फुलांची परडी, मांजराचं पिल्लू. त्या चित्रावर पारदर्शक पातळ पापुद्रा चिकटवलेला आणि मधोमध भोक. गिऱ्हाईक आतल्या खोलीत मायक्रोफोनपुढे उभं राहून बोलायचं, आणि बाहेर आमच्या यंत्राची सुई त्या पापुद्र्यावर त्याचा आवाज कोरत जायची. केसासारखा बारीक धागा निघायचा, तो मऊ कुंचल्यानं बाजूला करत राहायचं, नाहीतर तो सुईत अडकून सगळ्याचा विचका व्हायचा. मग मागच्या बाजूला पत्ता लिहायचा, तिकीट लावायचं आणि टाकायचं टपालपेटीत. ज्याला मिळेल त्यानं ते ग्रामोफोनवर ठेवायचं, वर एक नाणं ठेवायचं म्हणजे कार्ड घसरत नाही, आणि ऐकायचं.

मामाकडे या कार्डांचा इतिहास तोंडपाठ होता. त्यातला निम्मा खरा असावा. तो सांगायचा, की त्याच्या आजोबांच्या काळात कुणा दूरदेशीच्या माणसानं पहिल्यांदा पुठ्ठ्यावर लेप देऊन त्यावर आवाज कोरला, आणि लोकांनी हौसेनं अशी कार्डं पाठवलीही. पण घेणाऱ्याच्या घरी यंत्रच नसायचं. मग ती बिचारी कार्डं फडताळात मुकी पडून राहायची. पुढे कारखाने आले, एकाच साच्यातून हजारो कार्डं निघू लागली, चित्रावर गाणं. "पण आपलं काम वेगळं," मामा छाती पुढे काढून म्हणायचा. "आपल्याकडे एका कार्डाचं दुसरं नसतं."

कार्ड करणं दिसतं तेवढं सोपं नव्हतं. पापुद्रा चिकटवताना एक जरी बुडबुडा राहिला तरी आवाजाला तिथे ठेच लागायची. दोन दिवस सगळी चवड जड फरशीखाली दाबून ठेवायची. भोक अर्ध्या केसानं जरी सरकलं तरी बोलणारा माणूस झिंगल्यासारखा ऐकू यायचा. ताई ते भोक नुसत्या नजरेच्या अंदाजानं पाडायची. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. मामाच्या हाताखाली ती आधी शिकली, आणि मग तिनं मला शिकवलं.

तिनं शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे ती पाटी मामानं का लावली. सुई कार्डाच्या कडेपासून मध्याकडे सरकते. कडेचा वळसा मोठा, तिथे आवाजाला ऐसपैस जागा. मध्याजवळ वळसा एवढासा, आणि तेवढ्यात तितकंच बोलणं कोंबायचं. मग बारीक अक्षरं आधी चेंगरतात. स जातो, श जातो. म आणि ल ठणठणीत राहतात. आमच्या एका गिऱ्हाइकानं, चांगला घड्याळं दुरुस्त करणारा हुशार माणूस, मिनिटभर इकडचं तिकडचं बोलून अगदी शेवटच्या सेकंदाला विचारलं, "माझ्याशी लग्न करशील का?" तिकडे ऐकू गेलं, "लग्न करील का?" मुलीचं उलट टपाली उत्तर आलं: "कोण?"

हे आम्ही दोघी कित्येक दिवस आठवून हसत होतो. पुढे त्याच अक्षरानं आमचीच फजिती केली, आणि तेव्हा हसायला कुणी नव्हतं.

ताई घर सोडून गेली त्याच्या दोन दिवस आधी आमचं भांडण झालं होतं. कारण क्षुल्लक होतं: तिच्या पेटीतली सुई मी न विचारता वापरली. पण त्याच सकाळी एक शिक्षिकाबाई कार्ड करून घ्यायला आल्या होत्या आणि ताईसमोरच म्हणाल्या होत्या, "मागच्या वेळी धाकटीनं केलं होतं ना, तिलाच करू दे. तिचं फार स्वच्छ येतं." ताई उठली आणि तिनं मला जागा दिली. मी बसले. खोटं कशाला सांगू, मला गुदगुल्या झाल्या. आणि दुपारी सुईवरून ती बोलायला लागली तेव्हा मी फणकाऱ्यानं म्हटलं, "तुझ्यावाचून काही अडत नाही इथे."

तिसऱ्या दिवशी ताईचं अंथरूण घडी घालून ठेवलेलं होतं आणि तिची पेटी नव्हती. आईला नाही, मला नाही, कुणालाच तिनं काही सांगितलं नाही.

दोन महिन्यांनी मामाला तिचं चार ओळींचं पत्र आलं. एका दूरच्या शहरात कार्डांच्या कारखान्यात तिला काम मिळालं होतं. माझा उल्लेख नव्हता. मी सुरुवातीला रोज संध्याकाळी दाराच्या पायरीवर बसायचे, मग लाज वाटून सोडून दिलं. मला एकच जाणून घ्यायचं होतं: ती माझ्या त्या वाक्यामुळे गेली का? हे मी कुणालाही विचारू शकत नव्हते, कारण ते वाक्य कुणालाच माहीत नव्हतं.

आठ महिने झाल्यावर एके दिवशी आई दुकानात आली. चांगली साडी नेसून, गिऱ्हाइकासारखी.

"कार्ड करायचंय," ती म्हणाली.

"पत्र लिही ना," मी म्हटलं.

"पत्रात मला रागावता येत नाही."

मामा बाहेर गेला होता. मीच तिला आत उभं केलं आणि पाटी दाखवली. ती म्हणाली, "मला शिकवू नकोस." मी यंत्र सुरू केलं आणि काचेतून बोटानं खूण केली.

आई म्हणाली, "मी आई बोलतेय. तुझा पत्ता तू मामाला दिलास, मला नाही, हे मी लक्षात ठेवलंय. माझा गुडघा दुखतो तो दुखतोच. खिडकीची काच बदलली. तुझी चादर धुऊन ठेवलीय. शेजारच्या शिंपीणबाई तुझी चौकशी करतात, मी त्यांना काहीही सांगते..." शिंपीणबाईंवरच तिनं पंचवीस सेकंद घालवले. मी काचेवर टकटक केली: दहा राहिले. आई दचकली, आणि मग भराभर बोलली, "धाकटी रोज दाराशी बसून असायची गं तुझी वाट बघत. एक अक्षर न बोलता गेलीस. एक अक्षर नाही."

माझं तोंड तापलं. मी दाराशी बसायचे हे आईनं पाहिलं होतं आणि आता ते ताईला कळणार होतं. खरं तर मी तिथेच यंत्र थांबवून म्हणायला हवं होतं, आई, हे पुन्हा कर, शेवटचं आधी बोल. गिऱ्हाईक असतं तर म्हटलंही असतं. पण तिला तेच वाक्य पुन्हा बोलायला लावण्याची, आणि मी पुन्हा ऐकण्याची, माझी तयारी नव्हती. कार्ड ग्रामोफोनवर लावून शेवट ऐकला. मला 'गेलीस' असंच ऐकू आलं. आईनं काय म्हटलं ते मला माहीत होतं ना! आपल्याला ठाऊक असलेलं आपल्या कानाला नेहमी ऐकू येतं. मी मागे पत्ता लिहिला आणि कार्ड पेटीत टाकलं.

साडेतीन आठवड्यांनी ताईचं कार्ड आलं. वर चित्रबित्र काही नाही, कारखान्यातला कोरा तुकडा. मामानं ग्रामोफोन दुकानातून घरी आणला. आई, मी आणि मामा त्याभोवती उभे राहिलो. मामानं नाणं ठेवलं, सुई टेकवली.

पहिलाच शब्द घंटेसारखा स्पष्ट आला. महत्त्वाचं कडेलाच बोलणारी बाई होती ती.

"आई, गेली की गेलीस? एवढंच कळव."

आम्हाला काहीच समजलं नाही. मामा आईकडे बघायला लागला.

"तुझं कार्ड मी इतक्यांदा ऐकलंय की आता शेवटचा वळसा गुळगुळीत झालाय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच स नव्हता. म्हणजे असेलही. धाकटी वाट बघत बसायची, आणि एक अक्षर न बोलता... कोण, आई? ती गेली की मी गेले? मी गेले असेन तर ठीक आहे. तार करणार होते, पण तारेत काय लिहू? यायलाही निघाले होते. गाडीच्या थांब्यावरून परत आले. दार तिनं उघडलं नसतं तर मी काय केलं असतं?"

तीन आठवडे माझ्या बहिणीच्या लेखी मी मेले होते, किंवा मेले नव्हते, आणि ते कार्ड मी माझ्या हातानं कोरलं होतं.

"ती असेल," ताईचा आवाज आता थोडा बुजायला लागला होता, "तर तिला सांग की माझ्या सुया तिनं वापरल्या तरी चालतील, पण पुसून ठेवाव्यात. आणि ती नसेल तर..."

ताईनं श्वास घेतलेला ऐकू आला. आईनं हात पुढे केला आणि सुई उचलली.

"अगं, अजून आहे," मामा म्हणाला.

"ते हिच्यासाठी नाही," आई म्हणाली. "ही आहे." तिनं कार्ड काढलं, पदरानं पुसलं आणि कपाटात कपड्यांच्या खाली ठेवून किल्ली कमरेला लावली. मी हट्टाला पेटले, म्हटलं, मला ऐकायचंय. माझं आठ महिन्यांचं उत्तर त्या उरलेल्या चार वळशांत होतं, याबद्दल मला जराही शंका नव्हती. मेलेल्या बहिणीबद्दल माणूस खोटं कशाला बोलेल? पण आई बधली नाही.

मामा तार करायला निघाला. आईनं त्याला दारात अडवलं. "तार बघूनच तिचं काळीज फाटेल. उघडण्याआधीच ती समजायची ते समजून बसेल. तार नको, कार्ड तर मुळीच नको. हीच जाऊ दे. ही दिसली की झालं."

मी दुपारच्या गाडीनं निघाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले.

कारखाना एका लांबट इमारतीत होता, आत उष्ण आणि गोंदाच्या वासानं भरलेला. एका टोकाला दाबयंत्रं होती. कामगार चित्राचा पुठ्ठा ठेवायचा, वर पापुद्रा पसरायचा, तापलेला धातूचा साचा खाली यायचा, आणि एका दणक्यात गाणं तयार. मला आमच्या दुकानाची कीव आली आणि अभिमानही वाटला. मुकादमानं मला मागच्या खोलीकडे बोट दाखवलं. तिथे चार बायका कानांवर हेडफोन चढवून बसल्या होत्या. दर शंभर कार्डांतलं एक त्या ऐकून पाहायच्या. तिसरी ताई होती. बारीक झाली होती. डोळे मिटून ऐकत होती.

मी तिच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले. तिनं डोळे उघडले, मला पाहिलं आणि हात वर केला: थांब. कार्ड चालू असताना बोलायचं नाही, ही सवय. मी मुकाट्यानं थांबले. चार-पाच सेकंद तशीच ती माझ्याकडे बघत ऐकत राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला, तिनं कानांवरचं ओढून काढलं, ते टेबलावरून खाली लोंबकळत राहिलं, आणि ती दोन्ही हातांनी माझे दंड, खांदे, गाल चाचपायला लागली, जणू मी कुठे फुटले आहे का ते बघतेय.

"स होता," ती म्हणाली.

"होता गं. माझ्या हातून दबला."

"मूर्ख," ती म्हणाली. "शिकवलं होतं ना तुला?" आणि ढसाढसा रडली. बाकीच्या तिघी ऐकायचं सोडून आमच्याकडे बघत बसल्या. त्या शंभरांत काय काय निसटलं असेल देव जाणे.

मुकादमानं तिला तासाभराची सुट्टी दिली. आम्ही मागच्या अंगणात, रिकाम्या खोक्यांवर चहा घेऊन बसलो. मी धीर केला.

"ताई, माझ्यामुळे गेलीस?"

तिनं पेल्यावरची साय फुंकरीनं बाजूला केली. मला वाटलं, आता म्हणेल, छे गं, वेडी आहेस का. तसं म्हणणारी माणसं मला भेटली आहेत आणि मला ती आवडत नाहीत.

"हो," ताई म्हणाली.

"मी म्हणाले म्हणून? तुझ्यावाचून अडत नाही म्हणून?"

"ते खरंच होतं. खोटं असतं तर तुझ्या दोन थोबाडीत मारल्या असत्या आणि राहिले असते." तिनं पेला खाली ठेवला. "मी तुला शिकवलं, आणि दीड वर्षात तू माझ्यापुढे गेलीस. बाई म्हणाल्या ते मलाही ऐकू यायचं, रोज. तुझं कार्ड लावलं की जळायचे मी. आपल्या बहिणीवर जळायचं आणि रात्री तिच्याच शेजारी झोपायचं, हे मला जमेना. इथे मी कुणाचंही कोरत नाही. नुसती ऐकते. बरं वाटतं."

आठ-नऊ महिने मी माझ्या जिभेला शिव्या देत होते, आणि दोष निघाला हातांचा. हात काय तोडून टाकायचे?

"आणि मी नसेन तर?" मी विचारलं. "कार्डात पुढे काय होतं? आईनं सुई उचलली."

"उचलली?" ताई चमकली. मग म्हणाली, "राहू दे."

"सांग."

"म्हटलं होतं, नसेल तर मी परत येते. पहिल्या गाडीनं. आईपाशी राहते आणि दुकानात बसते." तिनं माझा हात घट्ट धरला. "आता तू आहेस. देवाची कृपा. मी भेटायला येईन, नक्की येईन. राहायला नाही."

ती हे मायेनं म्हणाली, मला माहीत आहे. तरी परतीच्या सबंध प्रवासात मी तेच उलटसुलट करत राहिले. मी जिवंत आहे ही बातमी घेऊन मी गेले होते, आणि तीच बातमी तिला घरापासून दूर ठेवणार होती. मी तिकडे गेलेच नसते, आईनं महिनाभर काही कळवलंच नसतं, तर कदाचित ती येऊनही राहिली असती. असलं काहीबाही डोक्यात येत होतं.

घरी आले तेव्हा आई दारात होती. ताई कशी आहे, बारीक झाली का, काय खाते, कुठे झोपते, सगळं तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं. तिला एकच सोडून बाकी सगळं कळलं, आणि ते एक मी जेवायला बसेपर्यंत दाबून ठेवलं.

"ती यायची नाही, आई," मी शेवटी म्हटलं. "भेटायला येईल, राहायला नाही. कार्डात पुढे तेच होतं. मी नसते तर ती परत येणार होती."

आईचा हात थांबला नाही. ती वाढत होती, ती वाढत राहिली.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "तिचा आवाज मी ओळखते. 'येते' म्हणायच्या आधी ती असाच श्वास घेते, लहानपणापासून."

"मग ऐकलं का नाहीस? आठ महिने तिच्या चादरी धुतेस. ऐकायचं तरी होतंस."

"ऐकलं असतं तर मला आनंद झाला असता," आई म्हणाली. "ती येतेय ऐकून. एक क्षणभर झालाच असता, तो काही माझ्या हातात नव्हता. आणि तू समोर उभी होतीस."

मी ताटावर वाकून रडले. आईनं पातेल्यात उरलं होतं तेवढं सगळं माझ्या ताटात घातलं आणि माझं संपेपर्यंत शेजारी बसून राहिली.